झाडूचं म्युझियम

इचलकरंजीच्या मागांवरून उतरलेलं ग्रे कापड ट्रकात भरलं की त्यातलं पुष्कळसं राजस्थानात पाली-बालोतऱ्याच्या वाटेला लागतं. तिथं ते धुतात, रंगवतात, छापतात. आम्ही सूत काततो, दुसरा विणतो, तिसरा रंगवतो आणि गल्ल्यावर चौथाच बसतो. हे गणित आपल्या पोरांना नव्यानं सांगायला नको. माझा एक दोस्त या लाइनवर गाडी चालवतो. गेल्या थंडीत आमच्या सूतगिरणीतलं रिंगखातं आठ दिवस बंद होतं. कापूस नाही म्हणाले. काम नाही म्हणजे पगार नाही, आणि घरात बसून आईच्या तोंडाकडं बघणं जमत नाही. दोस्त म्हणला, "केबिनमधे जागा हाय. चल. भाकरी माझी, टायर बदलायला हात तुझा." मी बसलो.

पालीत माल उतरायचा नंबर लांबला. दोन दिवस मोकळे मिळाले. तिथून जोधपूर सत्तरेक किलोमीटर. वाळवंट मी शाळेच्या नकाशात बघितलेलं, पिवळ्या रंगाचं. म्हणलं, पाणी नसलेल्या मुलखात माणूस कसा जगतो ते बघू तरी. पाणी असलेल्या मुलखात पाण्याविना कसं जगायचं ते आपल्या आजा-पणजाला पाठच होतं.

जोधपुरात उतरलेला माणूस आधी मेहरानगडावर जातो. मीही गेलो, पण पालख्या आणि तलवारींसाठी नव्हे. राजाराम मेघवाल हे नाव मी एका हिंदी पुस्तिकेत वाचलं होतं, त्याच्यासाठी गेलो. १४५९ साली राव जोधानं गडाचा पाया घातला. डोंगरावर राहणाऱ्या साधूला तिथून उठवलं. साधू चिडला आणि इथं पाण्याचा दुष्काळ पडेल असा शाप देऊन गेला. शापाला उतारा काय, तर पायात जिवंत माणूस पुरायचा. पुरला तो राजाराम मेघवाल. गडावर त्याच्या नावाची शिळा आहे. त्यानं आपणहोऊन जीव दिला, राजानं त्याच्या घरच्यांना जमीन दिली, अशी कथा सांगतात.

मेघवाल म्हणजे तिकडचे आपले लोक. विणकाम त्यांचं, कातडं कमावणं त्यांचं. आता कामाची वाटणी बघा. हुसकावणारा राजा, शाप देणारा साधू, आणि पायात जाणारा मेघवाल. "आपणहोऊन" हा शब्द मी त्या शिळेजवळ उभा राहून बराच वेळ चघळला. ज्याला नाही म्हणायची सोय नाही त्याच्या होकाराला आपणहोऊन म्हणतात का? आमच्याकडंही गावकीची कामं महार आपणहोऊनच करत होते, असं सांगणारे भेटतात. एवढं मात्र खरं की त्या गडावर राजारामाचं नाव दगडात आहे. आपल्याकडच्या किल्ल्यांच्या पायात कोण कोण गेलं, त्यांच्या नावाची चिठ्ठीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मोकलावासला गेलो. जोधपूरच्या बाहेर, खडकाळ माळावरचं गाव. तिथं जुन्या दगडखाणीच्या जागेवर 'अरणा-झरणा' नावाचं म्युझियम आहे. वाळवंटातल्या लोकजीवनाचं. कोमल कोठारी नावाच्या माणसाची ही कल्पना. १९६० साली त्यांनी विजयदान देथांबरोबर बोरुंदा गावात 'रूपायन संस्थान' काढलं आणि आयुष्यभर गावोगाव हिंडून गाणी, कथा, वाद्यं गोळा केली. २००४ साली ते वारले.

वाटेत चहाच्या टपरीवर थांबलो. टपरीवाल्यानं कुठून आलास विचारलं. मग विचारलं, "जात कुणती?" लाजबीज काही नाही, पावसापाण्याचं विचारावं तसं. मी म्हणलं, "बौद्ध." तो म्हणला, "ही कुठली जात?" मी म्हणलं, "जात न्हाई. जात सोडल्यावर जे उरतं ते." तो हसला आणि कपात चहा ओतला. कागदी कप होता. सगळ्यांनाच कागदी. बशी-कपाचा जुना प्रश्न कागदानं सोडवला का नुसता झाकला, याचा विचार करत चालत राहिलो.

म्युझियम म्हणलं की आपल्या डोळ्यांपुढं मोठी इमारत येते. पॉलिशची फरशी, काचेची कपाटं, हात लावू नका. इथं तसलं काही नाही. मातीच्या भिंतींच्या, गवतानं शाकारलेल्या झोपड्या. भोवती खेजडी, केर, रोहिडा, थोर. एक म्हातारे काका माझ्याबरोबर फिरत होते. मुलखाची वाटणी इथं कशी केलीय बघा. आपण इतिहासात शिकतो ती वाटणी राजांची असते. हा मेवाड, हा मारवाड. कोठारींनी ती भाकरीवर केली. पश्चिमेचा वाळवंटी पट्टा बाजरीचा, एक पट्टा ज्वारीचा, एक मक्याचा. ज्या धान्याची भाकरी, तसं जातं, तशी चूल, तसं भांडं, तसं गाणं. मला हे एकदम पटलं. माझी आई ज्वारीच्या मुलखातली, हे मी कुठल्याही राजाचं नाव न घेता सांगू शकतो. राजा बदलला तरी भाकर थापणारा हात तोच असतो.

एका ठिकाणी वाद्यं होती. कमायचा, सिंधी सारंगी, मोरचंग, खडताल. कमायचा वाजवणारे मांगणियार. नावाचा अर्थच मागणारे. पिढ्यान्‌पिढ्या जजमानाच्या दारात लग्नाला, बारशाला गायचं, त्याच्या घराण्याच्या पिढ्या तोंडपाठ ठेवायच्या, रात्र जागवायची आणि त्या बदल्यात धान्य, ऊंट, बकरी, जे मिळेल ते घ्यायचं. आणि नाव काय, तर मागणारे. अरे, कामाचा मोबदला घेणाऱ्याला मागणारा म्हणायचं आणि फुकट गाणं ऐकणाऱ्याला दाता म्हणायचं! आपल्या हलगीवाल्याचं काय वेगळं होतं? मिरवणूक त्याच्या हलगीशिवाय हलायची नाही आणि पंगतीत त्याला जागा नसायची. बलुतं हे मजुरीचं नाव होतं, पण देताना पदर लांबून झटकायचे.

आणि मग झाडू.

मित्रांनो, मला वाटलं होतं चार-दोन असतील. शंभरावर झाडू होते. या म्युझियमचं पहिलं मोठं कामच झाडूवर झालेलं. राजस्थानच्या वेगवेगळ्या भागांतून गोळा केलेले. खींपाचे, सिणियाचे, मुंजाचे, खजुरीच्या पानांचे, बांबूचे. उंबऱ्याच्या आतला मऊ झाडू वेगळा, अंगणाचा राठ वेगळा, खळ्यावरचा वेगळा, गुरांच्या गोठ्याचा वेगळा. घरातला बाईमाणूस, बाहेरचा बाप्या, असंही मानतात. काकांनी एक उचलून दाखवला, बांधणी कशी फिरते ते सांगितलं. झाडू उभा ठेवायचा नाही, त्याला पाय लावायचा नाही, पाहुण्याच्या नजरेला पडू द्यायचा नाही, सांजच्याला झाडायचं नाही, घरातली लक्ष्मी जाते. माझ्या आज्जीचीच वाक्यं हजार किलोमीटरवर ऐकू आली.

मी त्या भिंतीपुढं गप उभा राहिलो. माझी आई ठेकेदाराकडं झाडूकामाला आहे. पहाटे पाचला हजेरी. हातात हिरांचा खराटा, लांब दांड्याचा. तो ती स्वतः आवळून बांधते, कारण ठेकेदाराचा आठ दिवसांत सैल पडतो. तिच्या उजव्या तळहाताला अंगठ्याच्या खाली एक घट्टा आहे. ल्हानपणी मला वाटायचं सगळ्या आयांच्या हाताला तो असतो. या झाडवाल्या भिंतीसमोर मला पहिल्यांदा दिसलं की खराटा बांधणं ही अक्कल आहे, हुन्नर आहे. शिंदीचं पान कधी कापायचं, किती वाळवायचं, आवळायचं कसं, हे आपल्याकडं केरसुण्या बांधणाऱ्या मातंग बायांना कळतं. त्यांना कुणी कारागीर म्हणलेलं मी ऐकलेलं नाही. इथं एका माणसानं सांगितलं की हे ज्ञान आहे. त्याबद्दल त्या माणसाला माझा जयभीम.

पण पुढचं बोलायला पाहिजे, आणि ते आपणच बोलायला पाहिजे.

काका म्हणाले, झाडू म्हणजे लक्ष्मी. आपल्याकडंही लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू लावतात. वर्षातला एक दिवस केरसुणी लक्ष्मी. पण ती बांधणारी त्या दिवशीसुद्धा उंबऱ्याबाहेर. आणि पुण्यात पेशवाईत हाच झाडू काय होता? १९३६ सालच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी लिहून ठेवलंय. अस्पृश्यानं कमरेला मागं झाडू बांधून चालायचं, म्हणजे त्याची पावलं उमटलेली धूळ झाडली जाईल. गळ्यात मडकं, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडणार नाही. एकच वस्तू. घरात असली तर लक्ष्मी, आमच्या कमरेला असली तर विटाळाचा पुरावा. झाडू तोच, पान तेच, बांधणीसुद्धा तीच. बदलतं ते एवढंच की तो कुणाच्या हातात आहे आणि कुणाच्या पाठीला.

मोकलावासच्या म्युझियमात झाडू कुणी बांधला ते सांगतात. कुणाच्या पाठीला बांधला ते सांगायचं काम आपलं आहे. त्याची वाट दुसऱ्या कुणाकडं बघायची नाही.

तिथं मडकीही होती. वाळवंटातली माणसं पाण्याचे प्रकार मानतात. पावसाचं साठवलेलं ते पालर पाणी, खोल विहिरीचं ते पाताळ पाणी, आणि या दोहोंच्या मधे वाळूखाली ओल धरून राहिलेलं, बेरीतून थेंब थेंब झिरपणारं ते रेजाणी पाणी. टाकं बांधायचं, नाडी खोदायची, थेंब वाया जाऊ द्यायचा नाही. ऐकून माणूस थक्क होतो. कमी पाण्यात जगायचं हे मोठंच शास्त्र आहे. पण माझ्या डोक्यात चौथा प्रकार घुमत होता. ज्याला हात लावायचा नाही ते पाणी.

याच राजस्थानात जयपूरजवळ चकवाडा नावाचं गाव आहे. बाबासाहेबांनी त्याच पुस्तकात त्याचा दाखला दिलाय. १९३६ च्या एप्रिलातली बातमी. यात्रेहून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या लोकांना जेवण घातलं. पंगतीत तूप वाढलं. अस्पृश्य तूप खातात म्हणून शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन आले, अन्न नासवलं, माणसं झोडपली. आता पुढचं ऐका. त्याच चकवाड्यात २००१ च्या डिसेंबरात बैरवा समाजातले दोघे गावच्या तलावात आंघोळीला उतरले. झालं, त्यांच्यावर बहिष्कार. २००२ च्या सप्टेंबरात त्यांच्या पाठिंब्याला निघालेल्या पदयात्रेवर हजारोंचा जमाव चालून आला. १९३६ ते २००२ म्हणजे सहासष्ट वर्षं. महाडचं चवदार तळं आपण २० मार्च १९२७ ला चाखलं, त्याला तोवर पंचाहत्तर वर्षं झालेली. गाव एक, तूप जाऊन पाणी आलं, लाठी तीच. मातीच्या मडक्याकडं बघताना मला याच्याशिवाय दुसरं काही सुचत नव्हतं.

आता आपल्या घरच्या गोष्टीवर येतो. परतीच्या वाटेत केबिनमधे मी याच्यावरच डोकं खाजवत होतो.

आपल्या वस्तीच्या विहारामागं एक खोली रिकामी पडलीय. तिथं आपल्या लोकांच्या जुन्या वस्तू मांडाव्यात, असं काही पोरांचं म्हणणं. जुनी पत्रकं, मोर्च्यांचे फोटो, जात्याची तळी, हलगी, घुंगराची काठी. त्यावर बैठकीत एक जुने कार्यकर्ते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, ताडकन उठले. म्हणाले, "पोरांनो, छप्पन सालानंतर माझ्या बानं घरातले देव टोपलीत भरून पंचगंगेत सोडले. येसकराची काठी कुऱ्हाडीनं फोडून चुलीत घातली. ढोर ओढायचा दोर जाळला. गाव उपाशी मारील म्हणून दम देत होतं, तरी जाळला. आणि तुम्ही आता तेच हुडकून काचेत मांडणार? लोकं येऊन बघणार, वा वा काय सुंदर काठी? मला न्हाई बघवणार."

तात्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. त्यांच्या बानं केलं तो इतिहास आहे. ती काठी फोडली नसती तर आज मी हे लिहायला बसलो नसतो. मोकलावासहून आल्यावर मला तात्यांची भीती आणखी नीट कळली. वस्तू भिंतीवर टांगली की ती देखणी दिसायला लागते. तिच्यातला घाम वाळतो, वास जातो. परदेशी पाहुणा फोटो काढतो. उद्या एखाद्या हॉटेलच्या भिंतीवर शोभेला केरसुणी लागेल आणि तिच्या खाली बसून लोक कॉफी पितील.

पण तात्या, दुसरी बाजूही बघा. तुमच्या बानं काठी जाळली हे तुम्ही सांगता म्हणून आम्हाला कळलं. तुमच्यानंतर कोण सांगणार? काठी नाही, तर जाळल्याचा पुरावाही नाही. उद्या कुणी म्हणेल, असं काही नव्हतंच, गावगाडा कसा गुण्यागोविंदानं चालायचा. आत्ताच म्हणायला लागलेत. राजाराम मेघवालाची शिळा नसती तर त्यालाही कधीच पुसून टाकला असता. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर जपून ठेवलेत. तिथं जाऊन आलेल्या माणसाला विचारा. पुस्तकात वाचलेला बाप त्या कोटासमोर एकदम हाडामासाचा होतो.

तेव्हा माझं म्हणणं असं आहे. वस्तू ठेवायच्या, पण मुक्या ठेवायच्या नाहीत. प्रत्येक वस्तूखाली जी चिठ्ठी लागेल ती आपण लिहायची. केरसुणी ठेवली तर तिच्याखाली नुसतं 'केरसुणी, शिंदीची पानं' असं लिहून चालणार नाही. बांधायला किती तास लागले, बांधणाऱ्या बाईला किती मिळाले, दुकानात कितीला विकली, लक्ष्मीपूजनाच्या दिवशी तिला दारात कुठवर येऊ दिलं, आणि पेशवाईत ती कुठं बांधली जायची, हे सगळं लिहायचं. हलगीखाली लिहायचं की वाजवणाऱ्याला पंगतीत कधी बसवलं आणि कुणी वाजवणं बंद केलं. काठीच्या जागी काठी नको. रिकामी खुंटी ठेवू आणि खाली तात्यांच्या बाची गोष्ट लिहू. माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात मोठी वस्तू ती रिकामी खुंटीच असेल.

आणि नुसतं जुनं नको. धोटा ठेवायला पाहिजे. मुंबईच्या गिरण्यांत धोट्याच्या भोकातून सूत तोंडानं ओढायला लागायचं, म्हणून अस्पृश्य कामगाराला विणखात्यात घेत नसत. त्याचं उष्टं सूत चालत नव्हतं. त्याला कमी पगाराचं रिंगखातं. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्या पुढाऱ्यांपुढं मांडला. कामगारांची एकजूट म्हणता, तर विणखात्याचं दार आमच्यासाठी उघडणार का? लाल बावट्याच्या मित्रांनी तो प्रश्न आजही आठवावा. मी स्वतः रिंगखात्यात आहे. आज मला कुणी जात विचारून तिथं घातलं नाही, हे खरं. पण पाळी संपल्यावर खात्यातला कापूस-कचरा झाडायला येणाऱ्या बाया कुठल्या वस्तीतून येतात, ते कुणालाही विचारायला लागत नाही.

म्हणून आईच्या हजेरीचं कार्ड ठेवायला पाहिजे. वर्षातून एकदा मिळालेल्या हातमोज्यांचा फाटका जोड ठेवायला पाहिजे. गटारात उतरून मेलेल्यांची नावं ठेवायला पाहिजेत. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ साली एक कायदा झाला, २०१३ साली दुसरा झाला. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या असं सुप्रीम कोर्टानं २०१४ साली सांगितलं, २०२३ साली त्याचे तीस लाख केले. जिवाची किंमत वाढली, मरणं थांबलं नाही. ज्या दिवशी ते थांबेल त्या दिवशी झाडू खरोखर म्युझियमात जाईल. तोवर तो माझ्या आईच्या हातात आहे आणि त्याला लोककला म्हणायची मला घाई नाही.

गावी आल्यावर आईला शंभर झाडूंची गोष्ट सांगितली. ती म्हणली, "त्यांच्यात दांडा लांब असतोय का? वाकायला लागत न्हाई का?" मी म्हणलं, बरेचसे आखूडच होते. ती म्हणली, "मग ते बांधणारा बाप्या असंल, न्हाईतर झाडणारा न्हवं." म्युझियमातल्या चिठ्ठीवर हे वाक्य यायला पाहिजे की नको, तुम्हीच सांगा.

कामाचं सांगतो. खोलीला रंग द्यायला पैसे नाहीत, तो चुन्यानं आपणच देऊ. कपाटं नकोत, फळ्या पुरतील. पुढच्या पौर्णिमेला विहारात येताना प्रत्येकानं घरातली एक वस्तू आणावी, आणि ती सांगू शकेल असं म्हातारं माणूसही बरोबर आणावं. ज्याला लिहिता येतं त्यानं जसं बोललं जाईल तसंच उतरून घ्यावं, सुधारायला जाऊ नये. तात्यांना आणायला मी स्वतः जाणार आहे. ते नाही म्हणतील, तर त्यांचं नाहीसुद्धा लिहून घेऊ.